नाच कुणाचा, वर्ग कुणाचा? : कॅथरिन डनहॅम यांच्या कारकिर्दीचा एक विचार

१

दलित साहित्याच्या चर्चेत अमेरिकेतील काळ्या माणसाचा उल्लेख येऊ लागला त्याला आता अर्धशतक उलटून गेले. १९७२ साली मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली तेव्हा हे नाते नावातच उघड होते. ओकलंड शहरात १९६६ साली निघालेल्या ब्लॅक पँथर पक्षावरून ते नाव घेतले होते. त्यानंतर आपण काळ्या कवींच्या कविता वाचल्या, कादंबऱ्या वाचल्या, आत्मचरित्रे वाचली. त्यांवर परिसंवाद झाले, प्रबंध झाले. काळ्यांच्या नृत्याविषयी मात्र गंभीरपणे लिहिलेले माझ्या वाचनात फारसे आले नाही. ह्याचे कारण नुसत्या माहितीच्या अभावात शोधून भागणार नाही. शब्द म्हणजे विचार आणि नाच म्हणजे करमणूक, असा एक भेद आपल्या मनात घट्ट बसलेला आहे. हा भेद कष्टकऱ्यांनी केलेला नाही. ज्यांनी ग्रंथ स्वतःकडे ठेवला आणि नाचणे-वाजवणे दुसऱ्यांवर सोपवले, त्यांनी तो केला. समतेची भाषा बोलणाऱ्या समीक्षेने तो तसाच पुढे चालवावा, हे मला योग्य वाटत नाही.

म्हणून ह्या लेखात मी एका नृत्याच्या प्राध्यापिकेचा विचार करणार आहे. कॅथरिन डनहॅम (१९०९–२००६) ह्या नर्तकी, नृत्यरचनाकार, मानववंशशास्त्राच्या अभ्यासक आणि पुढे सदर्न इलिनॉय विद्यापीठात प्राध्यापक होत्या. त्यांच्यावर लिहिणारे बहुधा एक ठरावीक चढउताराची कथा सांगतात. १९४० ते १९६० ही रंगमंचावरची वर्षे हे शिखर, आणि त्यानंतरची विद्यापीठातली वर्षे म्हणजे थकलेल्या कलावंताला मिळालेली सावली. माझे मत ह्याच्या नेमके उलट आहे. डनहॅमबाईंनी रंगमंचावर जो प्रश्न उभा केला आणि जो रंगमंचावर सुटणे शक्य नव्हते, त्याचे उत्तर त्यांनी ईस्ट सेंट लुईसच्या वर्गात शोधले. ते उत्तर कितपत खरे ठरले आणि कोठे अपुरे पडले, हे तपासणे हा ह्या लेखाचा हेतू आहे.

२

डनहॅम यांचा जन्म २२ जून १९०९ रोजी इलिनॉय राज्यात झाला. वडील कृष्णवर्णीय, आई फ्रेंच-कॅनेडियन वंशाची. त्या लहान असतानाच आई वारली. वडिलांनी जोलिएट गावात कपडे धुण्या-इस्त्रीचे दुकान काढले आणि ह्या मुलीचे बालपण त्या दुकानाच्या वाफेत गेले. १९५९ साली त्यांनी बालपणाचे आत्मकथन प्रसिद्ध केले. ते त्यांनी तृतीय पुरुषात लिहिले आहे. स्वतःच्या लहानपणाकडे ‘ती मुलगी’ म्हणून पाहायचे, हा त्यांचा मार्ग. दया पवारांनी ‘बलुतं’मध्ये (१९७८) स्वतःचे दोन भाग करून दगडू मारुती पवाराला बोलते केले, हे ज्याला आठवते त्याला ह्या तृतीय पुरुषाचे नवल वाटणार नाही. अपमान सोसलेला ‘मी’ आणि लिहिणारा ‘मी’ एका दमात उच्चारता येत नाही, हा अनुभव दोन खंडांत सारखाच आहे.

थोरला भाऊ तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी. त्याच्या मागोमाग त्या शिकागो विद्यापीठात आल्या. तेथे रॉबर्ट रेडफिल्ड यांच्याकडे मानववंशशास्त्र शिकता शिकता त्यांनी नृत्याचे वर्ग चालवले. आता येथे एक अडचण होती आणि ती केवळ वैयक्तिक नव्हती. आफ्रिकेतून माणसे भरून आणणाऱ्या जहाजांच्या डेकवर गुलामांना जबरदस्तीने नाचायला लावीत. माल धडधाकट राहावा म्हणून. पुढे मळ्यांवर मालकाच्या पाहुण्यांपुढे नाचणे आले. त्याहीपुढे गोऱ्यांनी तोंडाला काळे फासून काळ्यांच्या नाचण्याची टिंगल करणारे खेळ केले आणि ते अमेरिकेचे लोकप्रिय मनोरंजन बनले. एवढे झाल्यावर शिकलेल्या काळ्या माणसाला नाचाची लाज वाटू लागली तर त्याला दोष कसा द्यायचा? बॅले ही सभ्य कला, पण तिच्या दारात काळ्या मुलीला जागा नाही. स्वतःचे नाचणे आपले, पण त्यावर मालकाच्या नजरेचा डाग. डनहॅम यांच्यापुढे असा दुहेरी पेच होता.

तो त्यांनी कसा सोडवला? संशोधनाने. १९३५ साली रोझेनवाल्ड फंडाच्या शिष्यवृत्तीसाठी त्या समितीपुढे गेल्या तेव्हा आपल्याला काय अभ्यासायचे आहे हे त्यांनी तिथे प्रत्यक्ष नाचून दाखवले. शिष्यवृत्ती मिळाली. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील मेलव्हिल हर्स्कोव्हिट्स यांच्याकडे क्षेत्रकार्याची तयारी करून त्या जमैका, मार्टिनिक, त्रिनिदाद आणि हैती ह्या बेटांवर गेल्या. जमैकात अकोम्पाँग येथे मारून लोकांची वस्ती आहे. मळ्यांवरून पळून डोंगरात गेलेल्या आणि इंग्रजांशी लढून अठराव्या शतकात त्यांना तह करायला लावणाऱ्या गुलामांचे हे वंशज. त्यांचे युद्धनृत्य परक्याला सहजी पाहायला मिळत नसे. डनहॅम तेथे महिनाभर राहिल्या तेव्हा कुठे मुक्काम संपता संपता ते त्यांच्या नजरेला पडले. ह्या मुक्कामाची रोजनिशी १९४६ साली पुस्तकरूपाने आली.

हैतीत त्यांना त्याहून मोठी गोष्ट सापडली. हैती म्हणजे गुलामांनी बंड करून १८०४ साली स्वतंत्र केलेला देश. तेथील शेतकऱ्यांच्या व्होडू धर्मात नाच हा देवाला बोलावण्याचा मार्ग आहे. दाम्बाला हा सर्पदेव. त्याच्यासाठी नाचायच्या याँव्हालूत गुडघे वाकवून, पाठीच्या कण्यातून लाटेसारखी हालचाल खालून वर जाते. डनहॅम यांनी ते बाजूला उभे राहून नुसते टिपले नाही. विधीपूर्वक दीक्षा घेऊन त्या त्यात उतरल्या. ह्या प्रवासात त्यांनी आणखी एक सत्य पाहिले, आणि १९६९ साली हैतीवर लिहिलेल्या पुस्तकात ते नोंदवले. काळ्यांच्या ह्या स्वतंत्र देशातही कातडीच्या छटांची उतरंड होती. फिकट रंगाचा, फ्रेंच बोलणारा शहरी वर्ग वर, आणि क्रेओल बोलणारा काळा शेतकरी खाली. वरच्या वर्गाला शेतकऱ्याच्या ढोलाची लाज वाटे. गुलामी गेली, पण उतरंड राहिली. हे वाचताना आपल्याला वेगळे काही समजावून सांगावे लागत नाही.

डनहॅम यांच्या शोधाचा अर्थ मी असा लावतो. मालकापुढे नाचवले जाणे आणि आपल्या माणसांत, आपल्या देवापुढे, आपल्या लढाईसाठी नाचणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हालचाल एकच असली तरी तिचे सामाजिक कार्य वेगळे, म्हणून तिचा अर्थ वेगळा. हैतीच्या नृत्यांवरील त्यांचा प्रबंध हेच सांगतो. त्यांनी नृत्यांची वर्गवारी केली ती दिसण्यावरून नव्हे. नाच कोण नाचतो, कधी, कशासाठी, त्यातून समूहाचे काय साधते, असे त्यांचे प्रश्न होते. ह्या ग्रंथाच्या फ्रेंच आवृत्तीला क्लोद लेव्ही-स्त्रोस यांची प्रस्तावना आहे. त्यांना १९३६ साली पदवी मिळाली. पुढची पदवी मात्र त्यांनी पुरी केली नाही. त्या रंगमंचाकडे वळल्या.

३

रंगमंचावरच्या डनहॅमबाई हा स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे. येथे आपल्या मुद्द्यापुरते पाहू. १९३८ साली शिकागोत, बेकार कलावंतांना काम देणाऱ्या सरकारी नाट्ययोजनेत त्यांनी ‘लाग्या’ हे नृत्यनाट्य बसवले. मार्टिनिकच्या कोळ्यांची वस्ती ही त्याची पार्श्वभूमी, आणि तेथील लढाईचा नाच हा त्याचा कळस. १९४० साली न्यूयॉर्कला गेल्यावर त्यांचे नाव झाले. ब्रॉडवेवर ‘केबिन इन द स्काय’, १९४३ साली ‘स्टॉर्मी वेदर’ हा चित्रपट, मग स्वतःची मंडळी घेऊन अमेरिका, युरोप, दक्षिण अमेरिका, आशिया असे दौरे. वीस वर्षे हा प्रपंच त्यांनी सरकारी आश्रयावाचून चालवला. चित्रपट आणि नाइटक्लबच्या कमाईवर नर्तकांचे पगार भागत.

ह्याच काळात त्यांनी आपले तंत्र घडवले. बॅलेची शिस्त त्यांनी टाकली नाही. बार धरून करण्याचे व्यायाम ठेवले. त्यात कॅरिबियन आणि आफ्रिकी शरीराची जाण आणली. डोके, खांदे, बरगड्या, कंबर ही प्रत्येक गोष्ट वेगळी हलवता आली पाहिजे. एका शरीरात दोन-तीन लयी एका वेळी चालल्या पाहिजेत. श्वास, कणा आणि जमीन ह्यांचे नाते तुटता कामा नये. ‘काळ्यांना नाच उपजतच येतो’ हे गोऱ्यांचे आवडते वाक्य. त्यात स्तुतीचा आव आहे, पण त्याचा अर्थ असा की ह्यात बुद्धी नाही, कष्ट नाहीत, शास्त्र नाही. डनहॅम तंत्राने ह्या वाक्याचे खंडन केले. जे शिकवता येते, शिकावे लागते, ज्यात चूक काढता येते आणि सुधारता येते, ते ज्ञान. त्यांनी आपल्या लोकांच्या नाचाला ज्ञानाचा दर्जा मिळवून दिला. त्यांच्या कारकिर्दीतील ही पहिली मोठी कमाई.

परंतु येथेच समीक्षकाने थांबून प्रश्न विचारायला हवा. हैतीच्या शेतकऱ्याचा नाच मालकाच्या नजरेबाहेर होता, म्हणून तो डनहॅम यांना मोलाचा वाटला. तोच नाच त्यांनी ब्रॉडवेच्या प्रकाशात आणला तेव्हा तो पुन्हा कुणाच्या नजरेखाली आला? तिकीट काढणारा प्रेक्षक बहुसंख्येने गोरा. त्याला उष्ण कटिबंधातील मादक देह पाहायचा होता. कार्यक्रमांची नावे, जाहिराती, वर्तमानपत्रांतील मजकूर ह्यांतून तो देहच विकला जाई. बाई मानववंशशास्त्र शिकलेल्या आहेत, हेसुद्धा त्या मजकुरात एक चटकदार मसाला म्हणूनच येई. डनहॅम यांना हे कळत होते. मंडळी चालवायची तर हे चालवून घेणे भाग आहे, असा हिशेब त्यांनी केला. तो हिशेब व्यवहाराचा होता, आणि त्याची किंमत त्यांच्या कलेने मोजली. काही रचनांत विधीचे गांभीर्य सजावटीखाली दबून गेले, हे मान्य करूनच त्यांचे मोठेपण सांगितले पाहिजे. वेशभूषेचा झगमगाट पाहून त्यांना मोडीत काढणे जितके चूक, तितकेच त्याकडे डोळेझाक करून आरती ओवाळणे चूक.

शिवाय ह्या बाईंनी रंगमंचावरून जे बोलायचे ते बोलण्यात कसूर केली नाही. १९४४ साली केंटकी राज्यातील लुईव्हिल येथे प्रयोगानंतर त्यांनी प्रेक्षकांना तोंडावर सांगितले की, माझी माणसे तुमच्या शेजारी बसू शकत नाहीत तोवर मी ह्या गावात पुन्हा येणार नाही. १९५० साली साओ पावलोतील एका बड्या हॉटेलने त्यांना खोली नाकारली. त्यांनी ती गोष्ट गिळली नाही, चव्हाट्यावर आणली. आपल्याकडे वर्णभेद नाहीच, असा ब्राझीलचा दावा होता. त्या दाव्याला तडा गेला आणि १९५१ साली वर्णभेदाला गुन्हा ठरवणारा आफोन्सू आरिनुस कायदा झाला. ह्या कायद्यामागच्या कारणांत डनहॅम प्रकरणाचा उल्लेख नेहमी केला जातो.

आणि मग ‘साउथलँड’. १९५१ साली चिलीतील सांतियागो येथे त्यांनी हे नृत्यनाट्य रंगभूमीवर आणले. अमेरिकेच्या दक्षिणेत एक गोरी स्त्री काळ्या मजुरावर बलात्काराचा खोटा आळ घेते. झुंड त्याला फासावर लटकवते. दुसऱ्या दृश्यात ते प्रेत काळ्यांच्या वस्तीतील गुत्त्यासमोरून जाते, आणि तेथल्या माणसांच्या शरीरांतून दुःख व संताप फिरू लागतो. ‘मादक’ नाच पाहायला आलेल्या प्रेक्षकापुढे त्यांनी झाडाला लटकलेले प्रेत ठेवले. ह्याचे परिणाम लगेच दिसले. अमेरिकी वकिलातीचा दबाव आला, चिलीच्या वृत्तपत्रांतून नाटकाची दखल जवळजवळ गायब झाली. १९५३ साली पॅरिसला प्रयोग झाल्यावर ‘साउथलँड’ त्यांच्या मंडळीच्या कार्यक्रमातून कायमचे बाहेर गेले. १९५४ पासून अमेरिकेचे परराष्ट्र खाते आपल्या नर्तकांना सरकारी खर्चाने परदेशी पाठवू लागले. पहिला मान होसे लिमोन यांच्या मंडळीला मिळाला. डनहॅम यांच्या वाट्याला तो आला नाही. काळ्या माणसाचा आनंद रंगमंचावर चालतो, त्याचे मरण चालत नाही. रंगमंचाची ही मर्यादा त्यांना ‘साउथलँड’ने शिकवली असे मला वाटते, आणि त्यांचा पुढचा प्रवास ह्या धड्यातून समजून घेतला पाहिजे.

४

१९६० च्या सुमारास मंडळीचे मोठे दौरे थांबले. १९६३ साली त्यांनी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात ‘आयडा’ची नृत्ये बसवली. दशकाच्या मध्यास सदर्न इलिनॉय विद्यापीठाने त्यांना कार्बनडेल येथे निवासी कलावंत म्हणून बोलावले. १९६६ च्या डाकार येथील काळ्या कलांच्या पहिल्या जागतिक महोत्सवासाठी त्या सेनेगलचे अध्यक्ष सेंघॉर यांच्या मदतीला गेल्या. तेथून परतल्यावर विद्यापीठाच्या शांत परिसरात राहून त्यांना उरलेले आयुष्य सन्मानाने काढता आले असते. त्यांनी ईस्ट सेंट लुईस निवडले.

हे शहर म्हणजे मिसिसिपी नदीच्या काठावरची कारखान्यांची वस्ती. रेल्वे, मांस-कारखाने, गोदामे. दक्षिणेतून आलेले काळे मजूर तेथे पोट भरत. जुलै १९१७ मध्ये गोऱ्या जमावाने त्यांच्या वस्त्या पेटवल्या. सरकारी आकड्यानुसार ३९ काळे आणि ९ गोरे मेले. काळ्यांच्या मृत्यूचा खरा आकडा ह्याहून पुष्कळ मोठा असल्याचे मानले जाते. साठच्या दशकापर्यंत कारखाने बंद पडत चालले, गोरे निघून गेले, मागे बेकारी आणि पोरांच्या टोळ्या राहिल्या. १९६७ च्या उन्हाळ्यात तेथील तरुणांना पोलीस धरून नेत असताना डनहॅम यांनी कारण विचारले, तर पोलिसांनी त्यांनाही कोठडीत टाकले. तेव्हा त्या ५८ वर्षांच्या होत्या, आणि अर्धे जग त्यांना ओळखत होते. काही तासांनी सुटका झाली. दुसऱ्या कुणी गाव सोडले असते. त्यांनी तेथेच कलाशिक्षण केंद्र उभे केले.

ह्या केंद्राकडे दानधर्म म्हणून पाहिले तर आपण फसू. ते विद्यापीठाचा भाग होते, आणि हीच त्यातली खरी गोष्ट. टोळीतल्या पोराला आधी ढोल दिला, मग मर्दानी खेळ, मग नाच. त्या नाचाबरोबर तो कोणत्या बेटावरून, कोणत्या लोकांकडून आला ह्याचा इतिहास, भाषा, मानववंशशास्त्र. ढोल आला की माणूस आला, माणूस आला की प्रश्न आला. त्याच शहरात सदर्न इलिनॉय विद्यापीठाने गरीब काळ्या तरुणांसाठी उच्च शिक्षणाचा एक प्रयोगही चालवला होता. कवी यूजीन रेडमंड तेथे शिकवीत. कथाकार-कवी हेन्री ड्यूमासही तेथे होता. मे १९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत एका पोलिसाने त्याला गोळी घालून मारले, तेव्हा तो अवघा ३३ वर्षांचा होता. कला आणि शिक्षण ह्यांची सांगड तेथे कोणत्या हवेत घातली जात होती, हे ह्यावरून कळते.

१९७२ साली डनहॅम यांनी अटलांटा येथे स्कॉट जॉप्लिनच्या ‘ट्रीमोनिशा’ ह्या संगीतिकेचे दिग्दर्शन केले. जॉप्लिनने ती १९११ साली छापली होती, आणि पूर्ण प्रयोग न पाहताच तो १९१७ साली वारला. कथा साधी आहे. भोंदू मांत्रिकांच्या तावडीत सापडलेल्या काळ्यांच्या वस्तीत एकच मुलगी शिकलेली आहे. शेवटी वस्ती तिलाच आपली नेता निवडते. व्होडूची दीक्षा घेतलेल्या बाईने अंधश्रद्धेविरुद्धची ही कथा रंगभूमीवर आणावी, ह्यात मला विसंगती दिसत नाही. पूर्वजांचे ज्ञान आणि पूर्वजांच्या नावाने चाललेली फसवणूक ह्यांतला फरक त्यांना कळत होता.

१९७७ साली केंद्राच्या जोडीला संग्रहालय झाले. देशोदेशींची वाद्ये, मुखवटे, वस्त्रे त्यांनी न्यूयॉर्कच्या श्रीमंत संग्रहालयांना दिली नाहीत, ह्या मोडक्या शहरात ठेवली. हैतीच्या शेतकऱ्याने जे दिले ते मिसिसिपीकाठच्या मजुराच्या मुलाच्या हाती पोचवले. शिकागो विद्यापीठाने त्यांना शिकवले की आपल्या लोकांचा नाच हा अभ्यासाचा विषय आहे. त्यांनी विद्यापीठाला त्याच्या पुढची गोष्ट शिकवली. ज्यांचा नाच अभ्यासायचा, ती माणसे वर्गात बसली पाहिजेत. म्हणून ‘लाग्या’ नव्हे, ‘साउथलँड’ही नव्हे, ईस्ट सेंट लुईसचा अभ्यासक्रम ही मला डनहॅम यांची सर्वांत मोठी रचना वाटते.

तिच्यातही उणिवा आहेत. हे केंद्र विद्यापीठाच्या आणि प्रतिष्ठानांच्या पैशावर, त्याहून अधिक डनहॅम यांच्या नावावर उभे होते. व्यक्तीभोवती उभारलेली संस्था त्या व्यक्तीबरोबर म्हातारी होते, हा नियम येथेही चुकला नाही. कारखाने नाहीत तेथे ढोलाने रोजगार येत नाही. शहराची दैना कलेने हटली नाही. हैतीत त्यांनी लक्लेर ही जुनी इस्टेट घेतली होती. सत्तरच्या दशकात तेथे धनवान पर्यटकांचे विलासी हॉटेल चालले. आसपास त्या देशातील गरिबी आणि हुकूमशाही होती. शेतकऱ्याच्या नाचाचे मोल जगाला सांगणाऱ्या बाईच्या चरित्रात ही गोष्ट बोचते. ती लपवायचे कारण नाही.

पण त्याच बाई १९९२ साली, ८२ व्या वर्षी, ईस्ट सेंट लुईसच्या आपल्या घरात उपोषणाला बसल्या. होड्यांतून जीव वाचवून येणाऱ्या हैतीच्या निर्वासितांना अमेरिकी सरकार परत पाठवीत होते. ४७ दिवस त्यांनी अन्न घेतले नाही. हैतीचे पदच्युत अध्यक्ष आरिस्टिड यांनी स्वतः येऊन विनंती केल्यावर त्यांनी उपोषण सोडले. ज्या शरीराने साठ वर्षे हैतीचा नाच केला, तेच शरीर त्यांनी हैतीसाठी पणाला लावले. २१ मे २००६ रोजी न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले.

५

आता आपल्याकडे वळतो, कारण ह्या प्रश्नाचे एक टोक आपल्या हातात आहे.

डनहॅम यांचा मार्ग जसाच्या तसा उचलता येणार नाही. त्यांना मालकाच्या नजरेबाहेरचा नाच सापडला, कारण मारूनांचा डोंगर होता, हैतीसारखा बंडखोरांचा देश होता. आपल्याकडे गावगाड्याने बहुतेक नाच-वाजप जातीचे काम म्हणून लादले. फडावर नाचणारी बाई आणि तिच्यापुढे पैसे उधळणारा पाटील ह्यांच्यात कोणता देव नव्हता. म्हणून ते काम टाकून देणे हा आपल्या चळवळीचा निर्णय न्याय्य होता. आंबेडकरी जलशाने तर त्याहून मोठे केले. ढोलकी-तुणतुणे ठेवले, श्रृंगार टाकला, आणि तोच फड समतेच्या प्रचाराचे साधन बनवला. नाच लादलेला असू शकतो आणि नाच आपला करून घेता येतो, हे डनहॅम यांनी ग्रंथांतून सिद्ध केले. जलसाकारांनी ते गावोगाव करून दाखवले होते.

पण आज काय चालले आहे? विद्यापीठांतून लोककलांचे अभ्यासक्रम आहेत. युवक महोत्सवात लोकनृत्याला बक्षिसे आहेत. मी शिकवतो त्या तालुक्याच्या महाविद्यालयात दरवर्षी मुली नऊवारी नेसून लावणी करतात, टाळ्या पडतात. त्यांत सुखवस्तू घरच्या मुली पुढे असतात. ज्या मुलीची आजी फडावर उभी राहिली, ती प्रेक्षकांत बसते आणि आजीचे नाव काढत नाही. मी स्वतः घरातला पहिला पदवीधर. तिच्या गप्प बसण्याचा अर्थ मला कुणी सांगावा लागत नाही. पहिल्या मुलीसाठी लावणी ही कला आहे, दुसरीसाठी ती घराची अब्रू आहे. कला वर आली, कलावंत खालीच राहिला. ह्याला लोककलेचा गौरव म्हणणे ही फसवणूक आहे.

येथे डनहॅम यांची कसोटी उपयोगी पडते. एखाद्या विद्यापीठाने लोकनृत्याचा विभाग काढला म्हणून हुरळून जाऊ नये. तीन प्रश्न विचारावेत. ज्यांचा नाच शिकवला जातो, त्यांची मुले वर्गात आहेत का? त्यांना नाचाबरोबर त्या नाचाचा इतिहास, म्हणजे तो कुणी लादला आणि कुणी झिडकारला हेही शिकवले जाते का? आणि त्या घरातून आलेला माणूस कधी कार्यक्रमापुरता पाहुणा न राहता प्राध्यापकाच्या खुर्चीवर बसतो का? तिन्हींचे उत्तर ‘नाही’ असेल, तर तो विभाग म्हणजे पाटलाच्या वाड्यावरच्या बैठकीची सुधारलेली आवृत्ती होय.

डनहॅम यांच्या कारकिर्दीतून आपल्या प्राध्यापकांनी आणि कार्यकर्त्यांनी काही घ्यायचे असेल तर ते हे आहे. त्यासाठी ब्रॉडवे लागत नाही. गावातल्या म्हाताऱ्या हलगीवाल्याला वर्गात बोलावून, त्याला मास्तर म्हणून, तासाचे मानधन देऊन, मुलांना त्याच्यापुढे वही घेऊन बसवणे एवढ्याने सुरुवात होते. त्या वहीत हलगीचे बोल लिहिले जावेत, आणि ती हलगी कोणत्या दिवशी कोणाच्या दारात, कोणत्या हुकमाने वाजवावी लागत होती, हेही लिहिले जावे. ही वही ज्या दिवशी परीक्षेला धरली जाईल, त्या दिवशी आपल्या विद्यापीठाने नृत्याचा खरा अभ्यास सुरू केला असे मी मानीन.